पत्रिका, पंचांग आणि रोजचा नेम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी आम्ही काही जण सोलापुरात एकत्र बसून योगसूत्रे वाचतो. वाचन चालते अभ्यास-वैराग्याचे आणि उठता उठता प्रश्न येतात ते शनी-मंगळाचे. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागले, म्हणून उत्तरे एकदाची लिहून काढली. आमची भूमिका आधीच सांगून टाकतो: पत्रिका बघून तुमच्या उद्याच्या वागण्यात एखादा नेम आला, तर तिचा उपयोग झाला. नुसती धास्ती बसली किंवा नुसता दिलासा मिळाला, तर नाही झाला.

ज्योतिष आणि योग यांचा खरंच संबंध आहे, की आपणच जोडतोय?

थोडा आहे, बराचसा आपण जोडलेला आहे. दोन्हींच्या मुळाशी कर्माचा विचार आहे. योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात, म्हणजे प्रकरणात, पतंजली सांगतात की कर्माचा साठा क्लेशांच्या मुळावर पोसला जातो आणि ते मूळ असेतोवर त्याला जाती (म्हणजे कुठल्या योनीत जन्म), आयुष्य आणि भोग अशी फळे येत राहतात (सूत्रे १२ आणि १३). ज्योतिषाचा दावा असा की पिकायला आलेल्या फळांचा अंदाज ग्रहांवरून घेता येतो. योगाला त्या अंदाजात फारसा रस नाही. त्याचे सगळे लक्ष मुळाकडे, म्हणजे अविद्या (अज्ञान), अस्मिता (मीपणा), राग (आसक्ती, संताप नव्हे), द्वेष आणि अभिनिवेश (मरणाची भीती) या पाच क्लेशांकडे. त्याच पादातले सोळावे सूत्र आहे 'हेयं दुःखमनागतम्', जे दुःख अजून आलेले नाही ते टाळायचे. कसे टाळायचे याचे उत्तर पतंजली अष्टांगात, म्हणजे यम-नियमांपासून समाधीपर्यंतच्या आठ अंगांत, देतात. ग्रहशांतीचे नावही काढत नाहीत.

सूर्य, चंद्र आणि ध्रुव तिसऱ्या, विभूतिपादात येतात, पण संयमाचे, म्हणजे एकाच गोष्टीवर केलेल्या धारणा-ध्यान-समाधीचे विषय म्हणून. चंद्रावर संयम केला की ताऱ्यांची रचना कळते, अशा अंगाने. कुणाच्या कितव्या स्थानी कोण बसले आहे हा विषयच तिथे नाही. मृत्यूची चाहूल कशी लागते तेही त्या पादात आहे, आणि थोडे पुढे गेल्यावर सिद्धी समाधीच्या वाटेतली विघ्नेच आहेत, हेही आहे. भविष्य सांगता येणे म्हणजे साधनेची पावती असे समजणाऱ्यांनी ते सूत्र दोनदा वाचावे.

आणि 'वैदिक ज्योतिष' म्हणून जे चालते ते सगळे वेदकाळचे नव्हे. वेदांगज्योतिषात यज्ञाच्या काळाचा हिशेब आहे: सूर्य, चंद्र, नक्षत्रे, पाच वर्षांचे युग. त्यात जन्मपत्रिका नाही, बारा राशीही नाहीत. होराशास्त्र, म्हणजे जन्मपत्रिकेवरून भविष्य सांगणे, नंतर वाढले. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहज्जातकात ते भरात दिसते आणि त्यात ग्रीक परिभाषाही भरपूर आहे. यात कमीपणा काही नाही, पण ठाऊक असावे.

भाकितं खरी ठरतात याला पुरावा आहे का?

नाही. आपल्याच महाराष्ट्रात खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाचणी घेतली होती. निष्कर्ष २००९ साली 'करंट सायन्स' या विज्ञान नियतकालिकात छापून आले. हुशार मुले आणि बौद्धिक अक्षमता असलेली मुले अशा दोन गटांतल्या पत्रिका नावगाव झाकून ज्योतिषांना दिल्या, प्रत्येकी ४०, आणि कुठली पत्रिका कुठल्या गटातली ते ओळखायला सांगितले. २७ जणांनी उत्तरे पाठवली. त्यांतली सरासरी ४६ टक्के बरोबर निघाली. नाणे उडवून सांगितले असते तरी निम्मी जमली असती.

मग पत्रिका फाडून टाकायची का, असे लगेच विचारले जाते. फाडू नका, भाकितासाठी वापरू नका. स्वतःला विचारायच्या प्रश्नांची एक जुनी, आपल्या घरात रुळलेली यादी म्हणून ती चालते. 'माझा राग कुणावर निघतो?' हा प्रश्न मंगळाच्या निमित्ताने विचारला काय किंवा मंगळाशिवाय, उत्तर शोधायचे तुम्हालाच. ज्यांना पत्रिकेवाचून हे जमते त्यांनी पुढचे ग्रहांचे प्रश्न खुशाल सोडून द्यावेत.

साधनेसाठी पत्रिकेत नेमकं काय बघायचं?

पत्रिकेतल्या बारा घरांना स्थाने म्हणतात. परंपरेने पंचम स्थान पूर्वपुण्याचे आणि मंत्राचे, नवम धर्माचे आणि गुरूचे, तर चार-आठ-बारा हा मोक्षत्रिकोण. चंद्र मनाचा कारक, शनी कष्टाचा, केतू विरक्तीचा. जैमिनी पद्धतीत राशीत सर्वांत जास्त अंश चाललेला ग्रह आत्मकारक धरतात. जाणकार यावर तासभर बोलू शकतात, आणि बोलतात.

आम्ही इतके खोलात जात नाही. आत्ता तुम्हाला बोचणारा एकच ग्रह घ्यायचा आणि त्याला यम-नियमांतल्या एखाद्याशी बांधायचे. ही जोडणी आमच्या वर्गाची आहे, कुठल्या ग्रंथात तिचा आधार शोधत बसू नका. मंगळ खुपत असेल तर अहिंसा, आणि तीही घरातल्या माणसांशी बोलताना. बाहेरच्यांशी आपण सगळेच गोड बोलतो. बुध असेल तर सत्य. धंदा करणाऱ्यांनी महिनाभर 'उद्या देतो' हे वाक्य खरेच उद्या देणार असाल तरच उच्चारायचे; हा नेम दिसतो त्यापेक्षा फार कठीण आहे, चाटी गल्लीतल्या कुठल्याही कापडवाल्याला विचारा. शुक्राला अपरिग्रह, म्हणजे गरजेपेक्षा जास्त न साठवणे. गुरूला स्वाध्याय, म्हणजे रोज ज्ञानेश्वरीच्या पाच ओव्या अर्थासकट, पाठांतर नको. राहूला संतोष: दुसऱ्याकडे बघून काही घ्यावेसे वाटले की महिनाभर थांबायचे. रवीला ईश्वरप्रणिधान, म्हणजे एखादे काम करून ते आपण केले हे कुणालाच न सांगणे. चंद्रासाठी पतंजलींनीच पहिल्या पादात औषध दिले आहे: सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवान दिसला की आनंद आणि पापी दिसला की उपेक्षा. आमच्या अनुभवात यातले तिसरे सर्वांत अवघड जाते. शेजाऱ्याच्या चांगुलपणाचा आनंद मानणे सोपे नाही.

एका वेळी एकच, महिनाभर. नवग्रहांचे नऊ नेम एकदम धरणारा आठवडाभरात थकतो.

साडेसाती लागली म्हणून घरचे घाबरलेत वो, काय करू?

आधी हिशेब बघा. शनीला राशिचक्राची एक फेरी मारायला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात, म्हणजे एका राशीत ढोबळमानाने अडीच वर्षे. जन्मराशीच्या (जन्मवेळी चंद्र ज्या राशीत होता तिच्या) मागची रास, जन्मरास आणि पुढची रास मिळून साडेसात. २९ मार्च २०२५ ला शनी मीनेत गेला, तेव्हापासून कुंभ, मीन आणि मेष या तीन राशींची साडेसाती धरतात. बारा राशींपैकी तीन कायमच साडेसातीत असतात. २०११ च्या जनगणनेत आपल्या शहराची वस्ती साडेनऊ लाखांवर होती. म्हणजे कुठल्याही दिवशी सव्वादोन-अडीच लाख सोलापूरकर साडेसातीत. एवढ्या सगळ्यांचे एकदम वाटोळे होत असते, तर मंगळवार बाजार कधी भरलाच नसता.

तरीही मन मानत नसेल, तर त्या भीतीला कामाला लावा. शनीचा जप परंपरेने २३,००० सांगतात. १०८ मण्यांच्या माळेने सुमारे २१३ माळा झाल्या. रोज पाच केल्या तर ४३ दिवस, आणि बसायचे पंचवीस-तीस मिनिटे. जप दुसऱ्याकडून करवून घेण्याची पद्धत आहे, त्यात कुणाचा उदरनिर्वाह आहे, त्याबद्दल आमचे भांडण नाही. पण त्रेचाळीस दिवस एका जागी बसण्याने जी ताकद यायची ती बसणाऱ्याला येणार, दक्षिणा देणाऱ्याला नाही.

दुसरे. शनी हा म्हाताऱ्यांचा, कष्टकऱ्यांचा, पांगळ्यांचा कारक मानला आहे. मारुतीला तेल वाहायचे तर वाहा. त्याबरोबर घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या गोळ्या वेळेवर देणे आणि कामाला येणाऱ्या बाईचा पगार एक तारखेला हातात ठेवणे, एवढे साडेसात वर्षे चुकवू नका. साडेसातीत नोकरी सोडू का, प्लॉट घेऊ का, असलेही प्रश्न येतात. ते पैशाचे प्रश्न आहेत. पैसे कळणाऱ्याला विचारा.

जन्मवेळ नक्की माहीत नाही. मग?

पत्रिकेतले लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेली रास, साधारण दोन तासांनी बदलते आणि राशीचे नऊ भाग करून काढलेले नवमांश लग्न तेरा-चौदा मिनिटांनी. दवाखान्यात वेळ बहुधा पाच-दहा मिनिटांच्या अंदाजानेच लिहितात, त्यामुळे नवमांशावर पैज लावू नये. शिवाय भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, आणि सोलापूर ७५.९ च्या आसपास. आपली स्थानिक वेळ घड्याळापेक्षा सुमारे २६ मिनिटांनी मागे असते. आजची सॉफ्टवेअर ही दुरुस्ती स्वतः करतात, जुन्या हाताने मांडलेल्या पत्रिकांत ती असेलच असे नाही. आजोबा-आजींच्या पत्रिकेत आणखी एक खाच आहे: १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या युद्धकाळात देशभरची घड्याळे तासभर पुढे होती. त्या काळातला जन्म असेल तर लग्नच बदलू शकते.

आपल्या कामाला चंद्ररास, म्हणजे जन्मरास, पुरते. चंद्र एका राशीत सव्वादोन दिवस असतो, तेव्हा वेळ तासभर चुकली तरी ती बहुतेक वेळा बदलत नाही. तीही माहीत नसेल तर पत्रिकेवाचून सुरुवात करा. पतंजलींनी शिष्याची जन्मवेळ विचारल्याचे आमच्या वाचनात नाही.

एकादशी कधी कधी दोन दिवस का दाखवतात? कुठली धरायची?

पंचांगाबद्दल सोलापूरकराने परक्यासारखे विचारू नये. घराघरांतले दाते पंचांग आपल्याच गावातून निघते. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातले १२ अंशांचे अंतर. चंद्राची गती कमी-जास्त होते म्हणून तिथी कधी १९-२० तासांत संपते, कधी २६ तासांपर्यंत लांबते, आणि ती दिवसाच्या कुठल्याही क्षणी सुरू होते. म्हणून एखादी तिथी दोन सूर्योदय गाठते, तर एखादीला एकही मिळत नाही. स्मार्त मंडळी सूर्योदयाची एकादशी घेतात. भागवत मंडळींना सूर्योदयाआधीच्या चार घटकांत, म्हणजे अरुणोदयात, दशमीचा स्पर्श चालत नाही. तसे झाले की त्यांची एकादशी दुसऱ्या दिवशी जाते. वारकरी घरात भागवत धरतात. तुमच्या घरात जी चालत आली ती धरा आणि वाद घालू नका.

आमच्या मते ज्योतिषाचा आणि योगाचा सर्वांत चांगला मेळ कुंडलीपेक्षा इथे, पंचांगात पडतो. आकाशातले एक अंतर बघून घर उपास करते, यात भाकीत कसलेच नाही. महिन्यातून दोनदा जीभ ताब्यात आहे की नाही हे तपासले जाते, इतकेच. मात्र 'एकादशी दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याच लोकांनी केली आहे. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू, बटाट्याचे वेफर्स, वर भगर-आमटी, असा बेत असेल तर त्या दिवशी ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी खाल्लेली बरी, उपास केल्याचा अहंकार तरी होत नाही. उपास झेपत नसेल तर त्या दिवशी मोबाइलचे मौन धरा.

चातुर्मासाचेही तसेच. आषाढ शुद्ध एकादशीला सुरू, कार्तिक शुद्ध एकादशीला समाप्त. नेमासाठी इतका सोयीचा कालखंड दुसरा नाही: चार महिने, सुरुवात-शेवट ठरलेला, आणि दोन्ही टोकांना पंढरपूर, तेही आपल्याच जिल्ह्यात. वांगे सोडतात ते ठीक आहे. एखादा चुगलीही सोडून बघू शकतो.

ब्राह्ममुहूर्तावरच बसावं लागतं का? माझी रात्रपाळी असते.

ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाच्या ९६ मिनिटे आधी सुरू होतो आणि ४८ मिनिटे चालतो. सोलापुरात जूनच्या सुरुवातीला सूर्य सुमारे ५:५० ला उगवतो, म्हणजे मुहूर्त साधारण सव्वाचार ते पाच. जानेवारीच्या मध्यावर सूर्योदय सातला, म्हणजे मुहूर्त साधारण ५:२५ ते ६:१०. ज्यांना जमते त्यांच्यासाठी वेळ उत्तम आहे: एप्रिल-मेमध्ये तर आपल्याकडे तेवढाच काय तो गारवा.

यंत्रमागावर रात्र काढून पहाटे घरी आलेल्या माणसाने मात्र आधी झोपावे. फार जागणाऱ्याला योग साधत नाही, हे गीतेच्या सहाव्या अध्यायात स्पष्ट आहे. तुमचा ब्राह्ममुहूर्त म्हणजे झोप पुरी झाल्यावर उठून आंघोळ केल्यानंतरची पहिली वीस मिनिटे. पाळी आठवड्याला बदलत असेल तर घड्याळाची वेळ धरू नका, क्रम धरा: झोप, आंघोळ, बैठक, मग चहा.

राहुकाळात ध्यान चालतं का?

चालते. राहुकाळ म्हणजे रोजचा अशुभ मानलेला साधारण दीड तास. कॅलेंडरवर छापलेली त्याची वेळ सूर्योदय सहाला धरून केलेली असते. जानेवारीत आपला सूर्योदय सातला असतो, तेव्हा ती चुकलेली असते, सकाळची तर जवळजवळ तासाभराने. ती पाळणारे बहुतेक जण चुकीच्याच वेळी थांबलेले असतात.

खडा, कालसर्प शांती, मंगळदोष याबद्दल तुमचं मत?

मंगळ एक, चार, सात, आठ आणि बारा या स्थानी असला की दोष धरतात. बारापैकी पाच स्थाने, म्हणजे शंभरातले चाळीसपेक्षा जास्त लोक मंगळाचे. बृहज्जातकासारख्या जुन्या ग्रंथात कालसर्प नावाचा योग नाही. खडा आवडला तर दागिना म्हणून घाला. सांगणारा आणि विकणारा एकच असेल तर सल्ला ऐकून घरी या.

आमच्या घरी शरणांची परंपरा आहे. आम्ही मुहूर्त-पत्रिका मानावी का?

हा प्रश्न सोलापुरातच येऊ शकतो. शरण म्हणजे बसवण्णांच्या मेळ्यातले लिंगायत संत. ज्यांच्या घरी कन्नड बोलतात त्यांना बसवण्णांचे एक वचन ठाऊक असते. त्यात ते म्हणतात, आपली माणसे विचारायला आली तर शुभ लग्न आहे म्हणून सांगा, राशीकूट जुळते म्हणून सांगा, चंद्रबळ-ताराबळ आहे म्हणून सांगा, उद्यापेक्षा आजचा दिवस बरा म्हणून सांगा. बाराव्या शतकात इतक्या हसतमुखाने मुहूर्ताची हवा काढणारे दुसरे कोण होते?

ग्रामदैवत सिद्धरामेश्वर त्याच शरणांच्या मेळ्यातले. शिवयोगी म्हणवले गेले, आणि त्यांचा योग तळे खोदण्यातून, लोकांच्या सोयी करण्यातून चालला होता. शरणांतले ज्येष्ठ अल्लमप्रभू भेटले आणि त्यांना आतल्या वाटेकडे वळवले, ही कथा इथे लहान पोरांनाही माहीत असते. हाताने काम आणि आत शिव, अशा माणसाच्या गावात राहून कुणी 'माझा नवम भाव बिघडलाय, साधना होईल का?' असे विचारले की आम्हाला तळ्याकडे बोट दाखवावेसे वाटते.

गंमत अशी की त्याच सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते संक्रांतीला, म्हणजे सूर्य मकरेत जाण्याच्या हिशेबावर. नंदीध्वज निघतात, अक्षता पडतात, आणि दिवस ठरवते पंचांग. खरे उत्तरायण २१-२२ डिसेंबरलाच सुरू झालेले असते. निरयन (ताऱ्यांवरून मोजलेल्या) आणि सायन (ऋतूंवरून मोजलेल्या) गणनेत आज सुमारे २४ अंशांचा फरक पडला आहे, म्हणून आपली संक्रांत जानेवारीच्या मध्यावर येते. म्हणजे पंचांग सणासाठी पाळायचे आणि नशिबासाठी नाही, ही सवय या गावाला आधीपासून आहे. वारकऱ्यांकडेही वेगळे काही नाही. शकुन आणि भूत-भविष्य सांगणाऱ्यांचा आपल्याला कंटाळा आहे, असे तुकोबा एका अभंगात म्हणूनच गेले आहेत.

मुलांच्या पत्रिका बघून त्यांना साधना लावावी का?

नको. सूर्यनमस्कार शिकवा आणि तुम्ही स्वतः बसताना त्यांना दिसा.

रोज किती वेळ द्यावा?

वीस मिनिटांपासून सुरुवात करा. पहिल्या पादातल्या चौदाव्या सूत्रात अभ्यास पक्का कशाने होतो ते आहे: दीर्घ काळ, खंड न पडता, आणि आदराने. किती तास हे नाही. पाच मिनिटे आसनात स्थिर होणे, पाच मिनिटे सावकाश श्वास, दहा मिनिटे जप किंवा ध्यान. आसन म्हणजे पतंजलींच्या लेखी स्थिर आणि सुखाचे बसणे. पाठदुखी असेल तर खुर्चीवर बसा, कुणी हसत नाही. प्राणायाम पुस्तकावरून शिकू नये. शिकवणाऱ्या संस्था आपल्या राज्यात आहेत, लोणावळ्याचे कैवल्यधाम तर १९२४ पासून.

बीपीच्या, नैराश्याच्या गोळ्या चालू आहेत. साधना सुरू केल्यावर बंद करता येतील का?

गोळ्या डॉक्टर बंद करतील, तुम्ही नाही, आणि तुमचा ज्योतिषी तर अजिबातच नाही. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर श्वास कोंडून धरणारे प्रकार आणि जोराची भस्त्रिका (भात्यासारखा जोरजोराने श्वास घेणे-सोडणे) टाळा. मन फार खचलेले असताना एकट्याने लांब ध्यानाला बसू नका.

नेम मोडला तर काय करायचं?

मोडणारच. पतंजलींनी अंतरायांची, म्हणजे साधनेतल्या अडथळ्यांची, यादी दिली आहे, नऊ आहेत: आजारपण, मनाचा जडपणा, संशय, बेफिकिरी, आळस, विषयांची ओढ, भलतीच समजूत, भूमिका हाती न लागणे आणि लागलेली न टिकणे. त्यात एकही ग्रह नाही. नेम मोडला की त्या दिवशी वहीत यातला एक शब्द लिहून ठेवा. महिन्याअखेरीस तोच तो शब्द किती वेळा आला ते दिसते, आणि पुढच्या महिन्याचा नेम त्यावरून ठरवता येतो. बुडालेल्या माळा दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरून काढायच्या नाहीत. लग्नसराईत, दिवाळीत, घरात कुणी आजारी असताना नेम पाच मिनिटांवर आणला तरी चालतो. सुतक-सोयरात पूजा बंद ठेवतात, ध्यान बंद ठेवायचे कारण नाही.